पहिलं नाव प्रतिभाचं

नलिनीला पांढुर्ण्यात न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. बाजारात ती समोरून आली की निम्म्या लोकांचा हात आपसूक कोपरावर जातो, कारण गेली बावीस वर्षं याच बाईनं घरोघर फिरून गावाचं रक्त काढलं आहे. तोंडाची फटकळ, हाताची हलकी आणि एका बाबतीत महाहट्टी. ट्यूबवर नाव लिहायचं ते रक्त भरल्यावर, पेशंटसमोर, त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकून. आधी नाही, आणि नंतर गाडीवर बसून तर मुळीच नाही. बावीस वर्षांत एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं. हे तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं की लॅबमधला अक्षय ते वाक्य तिच्या आधी म्हणून दाखवायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी ती स्कूटीवरून तिगावला गेली. सौसरच्या डॉक्टर विजया यांची चिठ्ठी होती. पेशंट तृप्ती, वय एकोणतीस, लग्नाला तीन वर्षं, मूल नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंत सहा-सात वेळा रक्त घेऊन हार्मोन मोजायचे होते. यात एकदाच मोजून काही कळत नाही. बाईच्या अंगातले हे आकडे महिनाभर वरखाली होत राहतात, आणि कुठल्या दिवशी कुठला चढला, कुठला उतरला, हे ओळीनं मांडलं की मगच डॉक्टरला सांगता येतं की बीज तयार होतं की नाही.

घर गावाबाहेर, संत्र्याच्या बागेला लागून होतं. नवं, निळ्या रंगाचं, दारात ट्रॅक्टर. पडवीच्या एका टोकाला चटई टाकून तृप्ती बसली होती. तिचा तांब्या वेगळा, ताट वेगळं. आज दुसरा दिवस होता, म्हणजे ती ‘बाहेर’ होती आणि घरातलं कोणी तिला शिवणार नव्हतं. चार हातांवर खुर्ची घेऊन तिची सासू शोभाबाई बसल्या होत्या. नलिनीनं पट्टा बांधला, शीर शोधली आणि एक ट्यूब हातात घेतली.

“एक नाही, दोन काढा,” शोभाबाई म्हणाल्या.

“दोन कायले? डॉक्टरनं एकच सांगतली.”

“पह्यली प्रतिभाची. मंग हिची.”

प्रतिभा म्हणजे शोभाबाईंच्या मुलाची, गुणवंताची, पहिली बायको. शोभाबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, आत्याच्या घरी सून म्हणून आलेली. चार वर्षांपूर्वी पोटुशी असताना चौथ्या महिन्यात रक्त जायला लागलं आणि नागपूरला नेता नेता गाडीतच गेली. वर्षभरानं गुणवंतानं सावरगावची तृप्ती करून आणली. तृप्तीच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक होता, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर बाईचा आकार ठोकलेला. मेलेली सवत राजी राहावी, नव्या संसारात तिनं खोडा घालू नये, म्हणून दुसरेपणावर आलेल्या बायकोच्या गळ्यात असा टाक घालतात. या घरात रीत त्याच्याही पुढे गेली होती. नवं लुगडं आधी प्रतिभाच्या फोटोवर घालायचं, मग तृप्तीनं नेसायचं. सणाचं पहिलं ताट तिचं, दुसरं हिचं. नलिनीनं अशी घरं पाहिली होती, पण रक्ताच्या ट्यूबचा मान सवतीला द्यायची गोष्ट तिनं पहिल्यांदाच ऐकली.

“मेलेल्या बाईच्या नावानं मी रक्त नाही घेत,” ती म्हणाली.

“तिचं कुठं घेऊन राहिले तुमी? रक्त हिचंच घ्या. नाव तेवढं पह्यलं तिचं लिहा. या घरात जे येते ते पह्यलं तिले जाते.”

नलिनी सुई ठेवून उठणारच होती. पण तृप्ती खालच्या आवाजात म्हणाली, “लिहून द्या ना ताई. नाही लिहिलं तं आठ-आठ दिवस कोनी माह्याशी बोलत नाही.” तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. ती नुसती थकलेली दिसत होती, आणि नलिनीला त्याचंच वाईट वाटलं. तिनं एकाच सुईतून लागोपाठ दोन ट्यूब भरल्या. पहिलीवर प्रतिभा लिहिलं, दुसरीवर तृप्ती. पहिली लॅबमध्ये जाऊन कचऱ्यात टाकायची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

हातावर कापूस दाबून धरत तृप्ती म्हणाली, “अखजीपर्यंत पाहतो म्हनतात. तोपर्यंत काही नाही झालं तं मले माहेरी पोचवून देतील. मले नाही जायचं ताई. मले लेकरू पाहिजे, माह्यं सोताचं. मंग या घरात मलेबी कोनी पह्यलं म्हनेल.” अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन महिन्यांवर होती.

लॅबवर पोचल्या पोचल्या नलिनीला तीन पेशंटनी घेरलं आणि कचऱ्याची गोष्ट डोक्यातून गेली. अक्षयनं दोन्ही ट्यूब मशीनवर चढवल्या. दुपारी तो दोन कागद घेऊन आला. “मावशी, हे प्रतिभा नावाची पेशंट बढिया आहे. पण तृप्तीचं काही खरं नाही.”

तृप्तीचा एफएसएच होता एकाहत्तर. हा हार्मोन म्हणजे डोक्यानं बीजकोशाला घातलेली साद. बीजकोश ऐकत असला की साद हळू असते, पाच-सात-आठ. तो ऐकेनासा झाला की डोकं ओरडायला लागतं आणि आकडा चढत जातो. एकाहत्तर म्हणजे आत ऐकणारं कोणी उरलंच नाही. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईचा हा आकडा, आणि ही पोरगी त्याच सकाळी चटईवर बसली होती. प्रतिभाच्या कागदावर सहा पूर्णांक दोन होतं. बाकीचे आकडेही जिथल्या तिथे.

नलिनीनं आधी अक्षयची हजेरी घेतली. मग मशीनची. दोन्ही ट्यूब पुन्हा लावायला लावल्या, आकडे तेच आले. उरलेलं रक्त नागपूरला पाठवलं. तीन दिवसांनी तिथूनही तेच आकडे आले, थोड्याफार फरकानं. एका हातातलं, एका सुईतलं, एकाच मिनिटातलं रक्त होतं ते.

“कुठंतरी गडबड झाली असंल मावशी,” अक्षय म्हणाला.

“गडबड माह्या हातून नाही होत,” नलिनी म्हणाली, पण त्या दिवशी तिनं बावीस वर्षांचं वाक्य पुढे म्हटलं नाही.

पाळीच्या नवव्या दिवशी ती पुन्हा गेली. आता तृप्ती घरात आली होती, न्हाऊन केस मोकळे सोडून बसली होती. नलिनीनं या वेळी मुद्दाम उलटं केलं. पहिली भरलेली ट्यूब तृप्तीच्या नावाची केली, दुसरी प्रतिभाच्या, आणि शोभाबाईंना दाखवताना नावावर अंगठा ठेवला. आधीची आणि नंतरची असा काही फरक पडत असला तर तो उघडा पडेल, असा तिचा हिशेब. फरक पडला नाही. प्रतिभा लिहिलेल्या ट्यूबमध्ये एस्ट्राडायोल दोनशेच्या वर गेलं होतं, म्हणजे बीज वाढत होतं, अगदी पुस्तकात दाखवतात तसं. तृप्ती लिहिलेल्या ट्यूबमध्ये मशीनला मोजण्यासारखं काहीच सापडलं नाही.

बारावा दिवस रविवारी आला. लॅब बंद होती. नावं लॅबमध्ये लिहिते असं शोभाबाईंना सांगून नलिनीनं तिगावहून एकच, बिननावाची ट्यूब भरून आणली आणि भर दुपारी, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, एकटी कामाला बसली. रक्त फिरवून वरचं पिवळं सीरम वेगळं केलं आणि त्याचे तीन वाटे केले. एकावर तृप्ती लिहिलं, एकावर प्रतिभा, आणि तिसऱ्यावर काहीच लिहिलं नाही, नुसता आकडा टाकला. मग स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून आपलंही रक्त काढलं, त्याचेही वाटे केले आणि त्यांनाही तीच दोन नावं दिली.

तिचं स्वतःचं रक्त दोन्ही नावांखाली तिचंच राहिलं, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचं, उतरणीला लागलेलं. तृप्तीचा वाटा रिकामा निघाला. प्रतिभाच्या वाट्यात एस्ट्राडायोल आणखी वर चढलं होतं. आणि ज्याला नावच नव्हतं तो तिसरा वाटा प्रतिभाच्या वाट्याशी बिंदूच्या पुढच्या आकड्यापर्यंत जुळला.

नलिनीनं तिन्ही वाट्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. बाहेर स्टेशन रोडवर ऑटोवाले सवाऱ्यांवरून भांडत होते, कोणाच्या तरी लग्नाचा बँड सराव करत होता. आतापर्यंत ती समजत होती की पोरीच्या रक्तात मेलेली बाई कुठून तरी घुसते आहे. आता उलटं दिसत होतं. रक्त प्रतिभाचंच होतं. तृप्ती हे नाव त्याला लावलं की त्यातलं सगळं निघून जात होतं. त्या घरात तीन वर्षं प्रत्येक गोष्ट आधी प्रतिभाला दिली गेली आणि उरलेली तृप्तीला मिळाली, आणि आता उरण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नलिनीला भीती वाटली. बावीस वर्षांत रक्ताची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

तेराव्या दिवशी प्रतिभाच्या ट्यूबमध्ये एलएच एकदम अठ्ठावन्नवर गेला. हा हार्मोन महिन्यातून एकदाच असा उसळतो आणि दीड दिवसाच्या आत बीज सुटतं. संध्याकाळी डॉक्टर विजयांचा फोन आला.

“काय गं नलिनी, तिगावच्या पेशंटचं काय? तुझा एकही कागद आला नाही अजून.”

खरे आकडे सांगितले असते तर डॉक्टर म्हणाल्या असत्या, हिच्या स्वतःच्या बीजाचं मूल होणार नाही. शोभाबाईंनी अखजीचीही वाट पाहिली नसती. नलिनीनं कागद पुढ्यात ओढले. एका हाताखाली तृप्तीचा होता, दुसऱ्या हाताखाली प्रतिभाचा.

“सगळं नॉर्मल आहे मॅडम,” ती म्हणाली, आणि प्रतिभाचे आकडे एकामागून एक वाचून दाखवले. “पेशंट तृप्ती,” असंही शेवटी म्हणाली. आकडे याच पोरीच्या हातातून आलेत ना, मग खोटं काय त्यात, अशी तिनं मनाची समजूत घातली, पण मन काही समजायला तयार नव्हतं. तिनं रात्रीचं जेवण तसंच झाकून ठेवलं.

डॉक्टरांनी नवराबायकोला एकत्र यायला आज-उद्याचे दिवस सांगितले.

एकविसाव्या दिवशी नलिनी गेली तेव्हा बाग फुलली होती. तो वास इतका गोड आणि इतका दाट होता की पडवीत बसल्या बसल्या तिचं डोकं जड झालं. रक्त भरून झाल्यावर तिनं नेहमीसारखं विचारलं, “नाव सांग.” तृप्ती तिच्याकडे पाहत राहिली. तोंड उघडलं, मिटलं, आणि मग आठवून आठवून म्हणाली, “तृप्ती.” सव्विसाव्या दिवशी त्याहून जास्त वेळ लागला, आणि उत्तर देण्याआधी तिनं सासूकडे पाहिलं. शोभाबाई हल्ली तिच्या शेजारीच बसत होत्या, तिचे केस विंचरत होत्या. बीज सुटल्यावर चढणारं प्रोजेस्टेरॉन दोन्ही वेळा चौदाच्या वर होतं. प्रतिभाच्या नावाखाली.

पाळी चुकली. चौतिसाव्या दिवशी नलिनीनं गरोदरपणाचा हार्मोन मोजला. प्रतिभाच्या ट्यूबमध्ये तो सातशे वीस निघाला, तृप्तीच्या ट्यूबमध्ये शून्य. डॉक्टरांना तिनं सातशे वीसच कळवला.

आता गप्प बसणं नलिनीला झेपेना. दुसऱ्या दिवशी ती तिगावला गेली, तृप्तीला रक्त पुन्हा घ्यायच्या निमित्तानं बागेत नेलं आणि पहिल्या दिवसापासूनची सगळी गोष्ट सांगितली. ऐकून पोरगी किंचाळेल, रडेल, निदान खोटं पाडेल, असं तिला वाटलं होतं. तृप्ती एका झाडाखालची गळलेली फुलं पायानं गोळा करत होती.

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. “तुमाले कागदावर दिसलं, मले अंगात समजते. म्या घरी पट्टी आनून पाह्यली, एकच रेघ आली. आन सकाळी उठली का पोटात ढवळते. कोनाच्या तरी पोटात असल्यावानी ढवळते, ताई. मी बाजूले उभी राहून पाहून राहिली असं वाटते.”

“हा टाक काढ आधी गळ्यातला.”

“काढून पाह्यला. आठ दिवस ब्लाउजात लपवून ठेवला होता. काही फरक नाही पडला.”

“मंग माह्यासोबत चाल. आता, या गाडीवर. सावरगावले सोडते तुले तुह्या आईजवळ.”

तृप्तीनं पोटावर हात ठेवला. “आन हे? हे येईल का माह्यासोबत?”

हो म्हणून खोटं सांगायचं बळ त्या दिवशी नलिनीत उरलं नव्हतं. ती एकटीच परत आली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर विजयांचा फोन आला. आवाज चढलेला होता. “तुझे सगळे रिपोर्ट घेऊन आत्ताच्या आत्ता सौसरला ये. तिगावची पेशंट माझ्या टेबलावर आहे.”

नलिनी दवाखान्यात पोचली तेव्हा सोनोग्राफीच्या खोलीत अंधार केलेला होता. तृप्तीला पुन्हा टेबलावर घेतलं होतं. तिच्या उशाशी शोभाबाई उभ्या होत्या, दाराशी गुणवंता. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव दिसत होतं, तृप्ती, आणि त्याखाली पिशवी रिकामी होती. डॉक्टरांनी यंत्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, दाबून पाहिलं. करड्या रंगाशिवाय तिथे काही नव्हतं.

“सात आठवडे व्हायला हवेत तुझ्या कागदांप्रमाणे,” डॉक्टर म्हणाल्या. “इथे काहीच नाहीये. इतक्या दिवसांत ठोका दिसतो. हे कोणाचे रिपोर्ट आणून दिलेस मला?”

दाराशी गुणवंतानं मान खाली घातली. तृप्ती छताकडे पाहत होती आणि तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. तेव्हा शोभाबाई वाकल्या, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि इतक्या मायेनं बोलल्या की त्या घरात तीन वर्षांत तसा आवाज कोणी ऐकला नसेल.

“प्रतिभा,” त्या म्हणाल्या. “अंग सैल सोड बाई.”

तृप्ती या सासूला लग्नाच्या दिवसापासून आई म्हणत आली होती. तिनं मान वळवली.

“हो, आत्या,” ती म्हणाली.

पडद्यावर काहीतरी लुकलुकलं. दाण्याएवढा एक ठिपका, आणि त्यात ठोका. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. “अरे,” त्या पुटपुटल्या, “कोपऱ्यात होतं वाटतं. कसं निसटलं हे माझ्या नजरेतून?” त्यांनी आवाजाचं बटण दाबलं आणि तो ठोका खोलीभर ऐकू यायला लागला, जलद आणि पक्का. गुणवंता दाराला टेकून रडायला लागला.

नलिनीला सगळं माहीत होतं, सगळं कळत होतं, तरी तिला त्या क्षणी त्या पोरीसाठी आनंदच झाला. दीड महिना छातीवर घेतलेलं ओझं एकदम उतरलं आणि तोंडून निघून गेलं, “तृप्ती, ऐक ना बाई.”

तृप्तीनं सवयीनं तिच्याकडे पाहिलं. “अं?”

आवाज थांबला. पडद्यावर नुसता करडा रंग राहिला. डॉक्टरांनी यंत्र दाबलं, हलवलं, वायर खेचून पाहिली. तृप्तीनं पडद्याकडे पाहिलं, मग नलिनीकडे. तिला कळलं होतं. नलिनीनं उभ्या जन्मात कोणाच्या चेहऱ्यावर तसं काही पाहिलं नव्हतं आणि पुढे पाहायची इच्छाही नव्हती. आपल्या हातात काय आहे आणि त्यातलं काय सोडायचं आहे, हे त्या पोरीला एका क्षणात ठरवावं लागलं.

“आत्या,” ती सासूला म्हणाली. “मले हाक मारा.”

शोभाबाईंनी हाक मारली. तिनं ओ दिली. ठोका परत आला.

डॉक्टर यंत्राला दोष देत कागद भरायला बाहेर गेल्या. गुणवंता त्यांच्या मागे गेला. पोरीनं पोट पुसलं, पातळ नीट केलं आणि नलिनीचा हात धरला. हात गार होता.

“ताई, पाया पडते तुमच्या, त्या नावानं मले आता कोनी बलवू नोका. माह्या आईलेबी सांगा. ते दिवसातून दोनदा फोन करते. बाकी कोनी बलवलं तं मी सांभाळीन, पन तिचा आवाज आला का मी पलटीनच. तिच्या हाकेले मले थांबता नाही येत. आजच्या आज जा.”

“किती दिवस असं?” नलिनीनं विचारलं.

“लेकरू होईस्तोर.”

“आन मंग?”

तिनं सासूकडे पाहिलं. शोभाबाई तिच्या चपला पायाशी आणून ठेवत होत्या. “मंगचं मंग पाहू,” त्या म्हणाल्या.

सौसरहून निघाल्यावर नलिनीनं बोरगावपाशी चहालासुद्धा गाडी थांबवली नाही. वाटेत ती मनात शब्द जुळवत होती. पोरगी खुशाल आहे म्हणून सुरुवात करावी, दिवस गेलेत ते सांगावं, आणि मग हळूच सांगावं की तुम्ही ठेवलेलं नाव तोंडात आणायचं नाही. कुठल्या आईला हे कसं सांगायचं, ते तिला जुळवता येत नव्हतं. पांढुर्णा मागे पडलं, जाम नदीचा पूल आला आणि ती सावरगावात शिरली.

तृप्तीची आई स्मिताबाई अंगणवाडीत मदतनीस होती. नुकतीच घरी आलेली दिसत होती, साडी अजून कामावरची होती. ओट्यावर बसून तिनं फोन हातात घेतला होता आणि चेहरा सगळा हसत होता.

“या ना, नलिनीताई, बसा. जावयाचा फोन येऊन गेला आताच. ठोका दिसला म्हने. तुमीबी तिथंच होत्या ना? थांबा, पह्यले पोरीशी बोलते. मंग तुमाले चहा देते.” तिनं फोनचा आवाज मोठा केला, नलिनीलाही ऐकू यावा म्हणून.

“बाई, थांबा,” नलिनी म्हणाली. “फोन ठेवा. माह्यं आधी ऐका.”

पण तिकडे घंटा वाजत होती आणि स्मिताबाईचं लक्ष नव्हतं. तिकडून फोन उचलला गेला. स्मिताबाईनं लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि नलिनी धावत पुढे झाली आणि तिनं त्या तोंडावर आपला हात घट्ट दाबून धरला.

“हॅलो,” फोनमधून आवाज आला. आवाज तृप्तीचाच होता, मोकळा, निवांत. मागे कोणीतरी भांडी लावत होतं. “हॅलो, कोन बोलून राहिलं?”

स्मिताबाई डोळे मोठे करून नलिनीकडे पाहत होती. तिनं हात काढायचा प्रयत्न केला. नलिनीनं काढू दिला नाही.

“मी प्रतिभा बोलून राहिली तिगावहून. तुमाले कोन पाहिजे?”

नलिनीच्या तळव्याखाली स्मिताबाईचे ओठ हलत होते.